कालयानात बसण्यापूर्वी हिशेब मांडा

आंबिवली स्थानकातून कल्याणकडे लोकल धावू लागली की तिच्यातील प्रवाशाचे घड्याळ फलाटावरील घड्याळापेक्षा किंचित मंद चालते. हे विधान विज्ञानकथेतले नव्हे. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या सापेक्षता सिद्धांताचे ते फलित होय. मग कालप्रवासाच्या चित्रपटात दाखवतात ते सारे खरे मानावे काय? १९८५ सालचा, रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला ‘बॅक टू द फ्यूचर’ हा गाजलेला अमेरिकन चित्रपट घेऊन आपण हे तपासू या.

मार्टी हा शाळकरी मुलगा मोटारीत बसवलेल्या कालयंत्रातून १९८५ मधून १९५५ मध्ये जातो. तेथे त्याच्यामुळे अशी गडबड होते, की त्याच्या आईवडिलांचे लग्नच होऊ नये! शिवाय परतण्यासाठी यंत्राला १.२१ गिगावॅट शक्ती हवी. ती मिळणार आकाशातल्या विजेतून.

प्रथम गुण पाहू. कथेत कार्यकारणभाव काटेकोर जपला आहे. वीज पडून गावातले मोठे घड्याळ कधी बंद पडले, ते मार्टीजवळच्या पत्रकावरून कळते. म्हणूनच वीज नेमकी केव्हा व कोठे पडेल हे त्याला आधीच माहीत असते. भूतकाळातील लहानशा बदलाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हेही चित्रपट छान समजावतो.

आता उणिवा. कालयंत्र सुरू होते ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेगाला. या वेगाने वर्षभर अखंड प्रवास केला, तरी आपले घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम पावपट मागे पडेल. तीस वर्षे कोठे आणि हे कोठे!

दुसरी उणीव विजेची. गिगावॅट हे शक्तीचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ती शक्ती किती वेळ हवी, हे चित्रपट सांगत नाही. समजा, विजेचा झोत सेकंदाचा दहा हजारावा भाग टिकला. मग मिळालेली ऊर्जा १,२१,००० ज्यूल. एवढ्यावर १०० वॅटचा दिवा फक्त वीस मिनिटे जळेल!

तिसरी उणीव स्थळाची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. सूर्याच्या दृष्टीने पाहिले, तर केवळ एक मिनिट मागे गेलेला प्रवासी ‘त्याच जागी’ उतरायचा म्हटला, तर पृथ्वी तेथून १,८०० किलोमीटर दूर असेल. चित्रपटातली मोटार मात्र बिनचूक त्याच गावात उतरते.

सर्वांत मोठी अडचण तर्काची. मार्टीजवळच्या छायाचित्रातून त्याची भावंडे हळूहळू पुसली जातात. पण ती जन्मलीच नसतील, तर छायाचित्र काढले कोणी? आणि मार्टीच जन्मला नसेल, तर भूतकाळात गेला कोण? या विरोधाभासाचे उत्तर चित्रपटाजवळ नाही.

यातून एक वाट आपल्या मराठीत दिसते. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि १७६१ ची लढाई मराठे जिंकतात. पण तेथे आपला इतिहास पुसला जात नाही. गंगाधरपंत एका वेगळ्याच, समांतर जगात पोहोचतात. तेथील पानिपत तेथले, आपले पानिपत आपल्याकडे. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचे भांडण उरत नाही. अर्थात असे जग खरोखर आहे, याचा पुरावा अजून नाही.

मग खरा कालप्रवास कोणता? पुढे जाण्याचा. १९७१ साली हाफेले व कीटिंग यांनी अणुघड्याळे विमानातून जगाभोवती फिरवली आणि त्यांच्या वेळेत सिद्धांतानुसार सूक्ष्म फरक मोजला. प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने जाणाऱ्या यानात चार वर्षे गेली, तर पृथ्वीवर पाच वर्षे लोटतील. प्रवासी एक वर्ष ‘पुढे’ आला! मात्र परतीचे तिकीट कोणालाही गवसलेले नाही.

शिक्षकांनी असा चित्रपट वर्गात अवश्य दाखवावा. पण संपल्यावर फळ्यावर हिशेब मांडावा. विद्यार्थी मित्रांनो, एक गणित तुमच्यासाठी: यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने गेले आणि त्यात तीन वर्षे लोटली, तर पृथ्वीवर किती? उत्तर पाच येते का पाहा.