पाण्याचा हंगाम, माशाचं वय

टेक्ससच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडापर्यंत मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने खाड्या, खाजणं, उथळ लगून आणि वाळूची लांबट बेटं पसरलेली आहेत. या पाण्यात कमरेइतकं उतरून किंवा छोट्या होडीतून गरवणाऱ्या लाखो हौशी माणसांचं वर्ष दोन माशांभोवती फिरतं. एक स्पेकल्ड ट्राउट आणि दुसरा रेडफिश. ह्यूस्टनमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबंही तासाभरात गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर पोचतात, आणि ज्याने लहानपणी कोकणात तंगूस आणि गरी हाताळली आहे त्याला हे वेड समजावून सांगावं लागत नाही.

या दोन माशांचा हंगाम ओळखणं म्हणजे त्यांचं आयुष्य ओळखणं. ते आयुष्य जेव्हा कायद्याने ओळखलं तेव्हा मासे टिकले आणि जेव्हा दुर्लक्षिलं तेव्हा संपत आले. या किनाऱ्याचा गेल्या चार-पाच दशकांचा इतिहास एवढ्या एका वाक्यात सांगता येतो.

घोळीचे भाऊबंद

नावात ट्राउट असला तरी डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउटशी याचं नातं नाही. हे दोन्ही मासे सायनिडी कुळातले, म्हणजे आपल्या ढोमा, कोठ आणि घोळीचे भाऊबंद. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढणं ही या कुळाची खूण. घोळीचं जे भोत सोन्याच्या भावाने विकलं जातं, तीच ही पिशवी. ताजा रेडफिश दोन्ही हातांत धरला की त्याची घुमती घरघर कानाआधी तळव्यांना कळते. विणीच्या दिवसांत तिन्हीसांजेला नर याच आवाजाने माद्यांना साद घालतात.

ट्राउट चंदेरी, पाठीवर काळे ठिपके, वरच्या जबड्यात दोन सुळे. तोंड इतकं नाजूक की हिसका जोराचा बसला तर गरी तोंड फाडून सुटते. लहानपणी कोलंबीवर वाढतो, थोराड झाला की बोयटांच्या मागे लागतो. रेडफिश तांबूस सोनेरी असून त्याच्या शेपटीच्या बुडाशी ठसठशीत काळा डाग असतो. तोंड खालच्या अंगाला असल्याने तो चिखल हुंगत खेकडे शोधतो आणि घशातल्या दातांनी त्यांची कवचं फोडतो.

खरा फरक आयुष्यमानात आहे. ट्राउट वर्षा-दोन वर्षांत वयात येतो, एप्रिल ते सप्टेंबर पुन्हापुन्हा अंडी घालतो आणि दहाव्या वर्षापर्यंत क्वचितच पोचतो. रेडफिश पहिली तीन-चार वर्षं खाडीत काढतो, मग खुल्या समुद्रात जातो आणि आखातात चाळीस वर्षंही जगतो. त्याचा गळावरचा विक्रम नॉर्थ कॅरोलायनात १९८४ साली झाला, सुमारे ४३ किलोंचा. म्हणजे खाजणात गळाला लागणारा रेडफिश बहुधा अजून एकदाही न व्यालेला, पोरसवदा असतो.

चार ऋतू, दोन मासे

कोकणातून गेलेल्या माणसाला पहिलं आश्चर्य भरतीचं वाटतं. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं. आखातात बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक-दोन फूट, तेही पुष्कळदा दिवसातून एकदाच. त्यामुळे इथे वाऱ्याचं राज्य चालतं. दक्षिणेचा वारा सतत लागला की पाणी खाजणात चढतं. हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की तेच पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि चिखल उघडे पडतात.

अशा दिवसांत मासे नाल्यांच्या खोल वळणांत आणि कालव्यांत दाटीने उतरतात. गार पाण्यात त्यांना भूक कमी, हालचाल मंद. आमिष तळालगत जवळजवळ रांगत न्यावं लागतं. दुपारी ऊन तापलं की काळा चिखल आधी ऊब धरतो, म्हणून जानेवारीत पहाटेपेक्षा तिसऱ्या प्रहरी गरवणारे जास्त. चोखंदळ लोक मोठा ट्राउट याच दिवसांत शोधतात.

मार्चपासून पाणी उबदार होतं आणि ट्राउट खाजणातून बाहेरच्या मोठ्या खाड्यांकडे सरकतो. कालवांचे खडक आणि सागरी गवताच्या कडा या त्याच्या जागा. इथलं सर्वांत लाडकं साधन म्हणजे वरून खोलगट असलेलं बूच. बुचाखाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोलंबी किंवा तिची मऊ प्लॅस्टिकची नक्कल. काठीला झटका दिला की बूच पाण्यावर गुळुक् असा आवाज करतं. ट्राउट पृष्ठभागावर कोलंबी गिळताना असाच आवाज होतो, आणि शेजारचा मासा तो ऐकून धावतो. झटका दिल्यावर थांबणं महत्त्वाचं. बूच स्थिर होतं, दोरी किंचित सैल पडते आणि एकाएकी बूच तिरकं खाली खेचलं जातं. अशा वेळी हिसका न मारता काठी ताणून धरायची, नाहीतर नाजूक तोंडातून गरी सुटलीच.

उन्हाळा ट्राउटच्या विणीचा. तो बाहेरच्या बेटांच्या पुळणीवर आणि समुद्राच्या तोंडाशी असतो. गरवणारे उजाडायच्या आधी पाण्यात उतरतात, कारण ऊन वर आलं की उथळ पाणी तापतं आणि मासा खोल जातो. पाण्यात चालताना पाय उचलायचा नाही, वाळूत घासत न्यायचा. तळाला दडलेली पाखट त्या चाहुलीने बाजूला होते. पाऊल तिच्यावर पडलं तर काटा पोटरीत जातो.

रेडफिशचं खरं दर्शन गवताळ उथळ पाण्यात. डोकं चिखलात खुपसून खेकडा उकरताना त्याची तांबूस शेपटी पाण्याबाहेर डुलते. आमिष त्याच्या अंगावर टाकलं तर तो चिखलाचा लोट उडवून पसार होतो. त्याच्या वाटेवर, दोन हात पुढे टाकायचं आणि त्याला आपणहून येऊ द्यायचं. होडी असली तर इंजिन बंद करून लांब बांबूने रेटतात.

शरद हा इथला सुगीचा काळ. पहिल्या थंड वाऱ्यासरशी पांढरी कोलंबी खाजणांतून मोठ्या पाण्याकडे निघते. खालून ट्राउट तिला पृष्ठभागावर दाबतो, वरून कुरव पक्ष्यांचे थवे कोसळतात. पक्ष्यांवर नजर ठेवली की मासा सापडतो. ऑगस्टअखेरपासून थोराड रेडफिश विणीसाठी समुद्रातून खाड्यांच्या तोंडाशी जमतात. भरतीचं पाणी त्यांची अंडी आणि सूक्ष्म पिल्लं आत खाजणात वाहून नेतं आणि नवी पिढी गवतात वाढू लागते.

तव्यावरचं संकट

१९७९ साली पॉल प्रुडॉम या शेफने न्यू ऑर्लिन्समध्ये ‘के-पॉल्स लुइझियाना किचन’ सुरू केलं. वितळलेल्या लोण्यात बुडवून, मसाला चोपडून, धूर येईपर्यंत तापवलेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला रेडफिश हा तिथला पदार्थ देशभर गाजला. मागणी भागवायला पर्ससीन बोटी खुल्या समुद्रातल्या थोराड माशांच्या झुंडींवर गेल्या. खाडीत पोरं मारली जात होतीच, आता समुद्रात आईबापही जाळ्यात जाऊ लागले. चाळीस वर्षं जगू शकणारा मासा एका जेवणात संपत होता.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या केंद्र सरकारने आखातातल्या आपल्या हद्दीत रेडफिश पकडणं बंद केलं. ती बंदी आजही आहे. टेक्ससने त्याआधीच, १९८१ मध्ये, आपल्या पाण्यातल्या रेडफिश आणि ट्राउटची विक्री थांबवली होती. त्यामागे १९७७ साली ह्यूस्टनमध्ये हौशी गरवणाऱ्यांनी उभारलेल्या संघटनेचा रेटा होता. फ्लोरिडात १९९४ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून गिलनेटसारखी जाळी किनारी पाण्यातून हद्दपार केली. या निर्णयांची किंमत मुख्यतः जाळ्यावर पोट असलेल्या छोट्या मच्छीमारांनी मोजली, हे विसरता कामा नये. मासा परतला, पण पिढीजात धंदे गेले. आज तिथल्या उपाहारगृहांतला रेडफिश बहुतेक तळ्यांत वाढवलेला असतो.

मापाचा कायदा

उरलेली शिस्त मोजपट्टीने लावली. रेडफिश ठेवायला टेक्ससमध्ये २० ते २८ इंच, लुइझियाना आणि फ्लोरिडात १८ ते २७ इंच हे माप. त्याहून लहान सोडायचा, आणि मोठाही सोडायचा. टेक्ससमध्ये परवान्यासोबतच्या चिठ्ठीवर मोठ्याला सवलत मिळते एवढंच. वरच्या मर्यादेमुळे खाडीतून समुद्रात निसटलेला मासा पुढची तीन-चार दशकं वीण करायला मोकळा राहतो. लुइझियानाने जून २०२४ मध्ये रेडफिशची रोजची संख्या पाचवरून चारवर आणली आणि २७ इंचांवरचा एकही ठेवायला मनाई केली.

ट्राउटचं दुखणं वेगळं. तो भराभर वाढतो, पण थंडी सोसत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या लाटेत टेक्ससच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यात सुमारे १ लाख ६० हजार ट्राउट होते. सर्वाधिक फटका लगुना माद्रे या लांबलचक उथळ लगूनला बसला, कारण पाणी चटकन गारठलं आणि पळायला खोल जागा थोड्या. म्हणून थंडीच्या लाटेत जिथे मासे आसऱ्याला गोळा होतात त्या जागी गरवणं तिथलं सरकारी खातं तात्पुरतं बंद करतं. २०२४ पासून टेक्ससभर ट्राउटची मर्यादा रोज तीन आणि माप १५ ते २० इंच. मोठे ट्राउट जवळपास सगळ्या माद्याच असतात, त्या वाचतात. लुइझियानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रोजच्या २५ ट्राउटवरून १५ वर उतरणं पत्करलं, तेही वर्षानुवर्षांच्या वादानंतर.

पण मोजपट्टी खाजण वाचवू शकत नाही. १९३० च्या दशकापासून लुइझियानाने सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली आहे. मिसिसिपीला बांध घातल्याने गाळ खाजणात पोचत नाही, तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरतं, जमीन खचते आणि समुद्र चढतो. जिथे रेडफिशची पोरं वाढायची तिथे आता उघडं पाणी आहे. टेक्ससने २०१३ पासून होडीच्या पंख्याने सागरी गवत उपटणं गुन्हा ठरवलं, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

आपल्यासाठी काय

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान माप ठरवलं. ही पावलं योग्यच आहेत. तरी टेक्सस-लुइझियानाचा कायदा उचलून इथे लावता येणार नाही. गळावरचा मासा जिवंत सोडता येतो. ट्रॉलच्या खोळीतून वर आलेली घोळ मेलेलीच असते. इथे समुद्रावर पोट असणारी माणसं आहेत, आणि फ्लोरिडातल्या छोट्या मच्छीमारांचं जे झालं ते कोळीवाड्यांचं होऊ देणं अन्याय ठरेल. आपल्याला मोठी मादी वाचवायची तर जाळ्याच्या आसाचा, विणीच्या जागांचा आणि त्या जागी जाळं न टाकण्याच्या महिन्यांचा विचार करावा लागेल, तोही कोळ्यांना सोबत घेऊन. घोळ कुठे आणि कोणत्या महिन्यात वीण करते हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? त्या जाणत्या माणसांना विचारून नियम लिहिले, तर ते पाळायला पोलीस कमी लागतील आणि भोताची किंमत मोजणाऱ्या बाजाराला माशाचं वयही मोजावं लागेल.