पशुखाद्य व पशुऔषधांची सुरक्षितता आणि पशुवैद्यकीय प्रयोगशाळांचा शासकीय निधी : शीळफाटा–कल्याण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कल्याणकडून येणारा रस्ता मुंब्रा–पनवेल मार्गाला जेथे मिळतो, तो शीळफाटा ठाणे जिल्ह्यातील अत्यंत गजबजलेला चौक आहे. जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी अवजड वाहने, तळोजा व डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतींचा माल आणि वाढत्या नागरी वस्तीला लागणारा शिधा या सर्वांची ये-जा या परिसरातून होते. कल्याण व भिवंडी भागांत म्हशींचे तबेले आहेत. या तबेल्यांना स्वतःची चराऊ जमीन नसल्याने पेंढा, सरकी पेंड, चुणी, कोंडा असे जवळजवळ सर्व खाद्य बाहेरून विकत आणावे लागते. तबेल्यांतील दूध आसपासच्या शहरांतील घरांत रोज पोहोचते.

या दुधात पाणी किती, एवढाच प्रश्न ग्राहक सामान्यतः विचारतो. परंतु म्हशीने कोणते खाद्य खाल्ले, तिला कोणते औषध टोचले गेले आणि त्याचा किती अंश दुधात उतरला, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेतच मिळू शकते. अशा प्रयोगशाळांना शासकीय निधी कोणत्या हेतूने मिळतो आणि त्यात कोणती उणीव राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्यांची विभागणी

पशूंसाठीची औषधे ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४०’ या कायद्याच्या कक्षेत येतात. दूध ‘अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६’ या कायद्याखाली येते. याच कायद्याच्या कलम २१ मध्ये अन्नातील पशुऔषधे व प्रतिजैविके यांच्या अवशेषांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र याच कायद्यातील ‘अन्न’ या संज्ञेच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस २०५२’ हे मानक आहे. परंतु मानक असणे आणि बाजारातील प्रत्येक पोत्याची त्यानुसार तपासणी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा परिणाम असा की औषध व दूध यांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे, तर जनावराच्या आरोग्याची जबाबदारी पशुसंवर्धन विभागाकडे जाते. खाद्य, औषध आणि दूध हे तिन्ही ज्या एका जनावराच्या शरीरात एकत्र येतात, त्याचा समग्र विचार करणारी तपासणी यंत्रणा मात्र या विभागणीत तयार होत नाही.

खाद्यातून दुधात उतरणारे विष

या उणिवेचे ठळक उदाहरण म्हणजे अफ्लाटॉक्सिन. भुईमूग व सरकीची पेंड, मका इत्यादी पदार्थ दमट जागी साठविल्यास त्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते व ती ‘अफ्लाटॉक्सिन बी-१’ हे विष निर्माण करते. कोकणपट्टीतील पावसाळ्याची हवा अशा बुरशीस पोषक असते. दुभत्या जनावराच्या यकृतात या विषाचे ‘एम-१’ या रूपात परिवर्तन होते व त्याचा काही अंश दुधात उतरतो. दूध उकळल्याने वा पाश्चरीकरणाने तो पुरेसा नष्ट होत नाही. मात्र दूषित खाद्य बंद केल्यानंतर काही दिवसांतच दुधातील प्रमाण झपाट्याने उतरते. म्हणूनच दुधापेक्षा खाद्याची वेळीच केलेली तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी अवघे १२ नमुने भेसळीमुळे असुरक्षित आढळले; उलट ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक होते. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते. भेसळीची भीती जनमानसात मोठी असली, तरी आकडेवारी खाद्य आणि औषध यांकडे बोट दाखविते.

औषधांचे अवशेष आणि गिधाडांचा धडा

पशुऔषधांच्या अवशेषांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण भारतातच घडले. १९९० च्या दशकात गिधाडांची संख्या वेगाने घटू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोख्म्यांतील अंत्यविधीची शतकानुशतकांची परंपराच त्यामुळे अडचणीत आली. प्रारंभी एखाद्या संसर्गजन्य रोगाचा संशय घेतला गेला. २००४ साली पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून दाखवून दिले की मृत्यूचे कारण जंतू नसून जनावरांना दिले जाणारे ‘डायक्लोफिनॅक’ हे वेदनाशामक होते. हे औषध दिलेल्या जनावरांचे शव खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते.

भारताने २००६ साली या औषधाच्या पशूंसाठीच्या उत्पादनावर बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवापरावर बंदी आली. खाद्योपयोगी पशूंमधील कोलिस्टिन या प्रतिजैविकावरही २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की शोध जंतूंचाच घेतला जात असता, तर कारण हाती लागले नसते. मृत पक्ष्यांच्या मूत्रपिंडांतील रासायनिक अवशेष मोजण्याची सोय असल्यामुळेच ते सापडले.

उपचारानंतर किती दिवस दूध विकू नये, हे पशुऔषधाच्या वेष्टनावर छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. निश्चित कालावधी ठरलेला नसल्यास दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरला जातो. परंतु सात दिवसांचे दूध ओतून देणे लहान तबेलेवाल्यास परवडणारे नसते. त्याचे पालन होते की नाही, हे तपासणीवाचून कळण्याचा मार्ग नाही.

निधीचा ओघ

पशुरोगांसाठी शासन खर्च करीत नाही, असे म्हणता येणार नाही. २०१९ साली लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस या रोगांच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाने पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभाग पश्चिम भारताची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा म्हणून कार्य करतो. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमास दोन वर्षांसाठी ३,८८० कोटी रुपये मंजूर केले. त्यांत स्वस्त जेनेरिक पशुऔषधांच्या ‘पशु औषधी’ या घटकासाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद आहे.

संसर्गजन्य रोगांना मिळणारे हे प्राधान्य योग्यच आहे, कारण एका गोठ्यातील लाळ्या-खुरकूत संपूर्ण तालुक्यात पसरू शकते. परंतु याचा दुसरा परिणाम असा की पशुवैद्यकीय प्रयोगशाळांची घडण प्रामुख्याने जंतू शोधण्यासाठी होते. अवशेष शोधणारे वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापनाचे यंत्र एकदा खरेदी करून भागत नाही. शुद्ध प्रमाण-रसायने, वायू, सुटे भाग, देखभालीचा करार, मानांकनाचे शुल्क व प्रशिक्षित रसायनशास्त्रज्ञाचे वेतन हा खर्च दरवर्षीचा असतो. आवर्ती तरतुदीविना घेतलेले यंत्र कालांतराने झाकून ठेवावे लागते.

दोन तुलना

आवर्ती निधीतून काय साध्य होते, हे महाराष्ट्राने द्राक्षांच्या बाबतीत अनुभवले आहे. २००३ साली युरोपात द्राक्षांच्या मालात कीटकनाशकांचे अवशेष आढळल्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष-नियंत्रण योजना सुरू झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तिची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा कार्यरत झाली. तेव्हा यंत्रणा उभारणे अशक्य नाही. ती निर्यातीच्या गरजेतून उभी राहिली, हे महत्त्वाचे. कल्याणच्या तबेल्यातील दूध परदेशी जात नसल्याने त्यामागे अशी निकड निर्माण होत नाही.

अमेरिकेत २००७ साली मेलामाइनमिश्रित खाद्यामुळे पाळीव कुत्री व मांजरे दगावली. त्यानंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये पशुवैद्यकीय प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्यासाठी नव्या इमारती न बांधता विद्यापीठांतील व राज्यांतील विद्यमान प्रयोगशाळांना सहकार्य-कराराद्वारे यंत्रे, प्रशिक्षण व तपासणीसाठी निधी दिला गेला.

समारोप

महाराष्ट्रात अशा जाळ्याचा पाया उपलब्ध आहे. १८८६ साली स्थापन झालेले परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची अन्य महाविद्यालये, औंधची प्रयोगशाळा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा यांना एका सूत्रात बांधता येईल. त्यासाठी रोगनियंत्रणाच्या निधीतच अवशेष-तपासणीकरिता स्वतंत्र व आवर्ती शीर्ष असणे, तसेच दूध, खाद्य व औषध यांचे निष्कर्ष संबंधित विभागांनी परस्परांना कळविणे आवश्यक आहे.

याबरोबरच आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. तपासणी केवळ दंडासाठी झाली, तर पशुपालक नमुना देण्याचे टाळील. शीळफाट्यावरून पेंडीची गोणी नेणाऱ्या तबेलेवाल्यास ती गोणी निर्धोक आहे की नाही, हे अल्प खर्चात व वेळेवर सांगणारी प्रयोगशाळा मिळाली, तर तो स्वतःहून तिच्याकडे येईल. दूषित पेंडीचे नुकसान प्रथम त्याच्याच जनावरास होते आणि नंतर त्याचे दूध पिणाऱ्या बालकास. या दोहोंचे रक्षण एकाच चाचणीने होऊ शकते. म्हणून त्या चाचणीचा खर्च हा सार्वजनिक आरोग्याचा खर्च मानला जाणे उचित ठरेल.