जक्कय तेंदूच्या फळीवर

मराठीतली पहिली कादंबरी एका ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेपोटी लिहिली. बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे. 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे त्या वेळी हा विषय अगदी ताजा होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मंडळ्यांमध्ये, विशेषतः तरुणांमध्ये, आता कथा लिहू पाहणारे अनेकजण आहेत. विश्वासाची गोष्ट कशी लिहायची, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर शोधताना सुरुवात या कादंबरीपासून करावी असे मला वाटते, कारण तिच्यात काय साधले आहे आणि काय निसटले आहे, हे दोन्ही स्वच्छ दिसते.

पदमनजींच्या आधी मराठी ख्रिस्ती वाचकाकडे ‘यात्रिकक्रमण’ होते. जॉन बन्यनच्या 1678 च्या रूपककथेचे हे भाषांतर हरी केशवजींनी 1841 मध्ये केले. त्यातला प्रवासी निराशेच्या दलदलीतून आणि मोहाच्या बाजारातून जातो. तिथली गावे नकाशावर नाहीत, ती मनातली आहेत. पदमनजींनी प्रवासाची चौकट तशीच ठेवली, पण यमुनेला आणि तिच्या नवऱ्याला, विनायकाला, खऱ्या महाराष्ट्रात फिरवले. वाटेत त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची हकिगत निराळी असते. पुढे विनायक अपघातात जातो आणि इतरांचे दुःख ऐकत आलेली यमुना स्वतःच विधवा होते. कादंबरीची खरी ताकद या वळणात आहे. तोवर वाचक यमुनेच्या शेजारी बसून इतरांकडे पाहत असतो, आणि इथून पुढे तिच्याकडेच पाहू लागतो. यमुना अखेर ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

निसटते ते संवादांमध्ये. पात्रे वाद घालू लागली की ती माणसे राहत नाहीत, प्रश्नोत्तरांची पुस्तिका होतात. बाप्तिस्म्याचा शेवट मात्र मला कमकुवत वाटत नाही. 1857 मध्ये बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, नातीगोती यांना मुकणे होते, आणि खुद्द लेखकाने ते सोसले होते. त्या शेवटाची किंमत वाचकाला कळत होती. आज मूल, बल्लारपूर किंवा चंद्रपूरच्या तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती घरात बाप्तिस्म्याला पेढे वाटतात. तोच शेवट आज लिहिला तर कुणाचे काहीच जात नाही. त्यामुळे आजच्या लेखकाला आधी शोधावे लागते ते हे, की माझ्या पात्राला आज विश्वास कुठे महाग पडतो?

यासाठी पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगायची रीत नीट पाहावी. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्टा दरबारात येतो, पण आरोप करत नाही. तो एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंत शेजारी ती मेंढी हिसकावून पाहुण्याला जेवू घालतो. दावीद संतापून निकाल देतो की त्या माणसाने मेंढीच्या चौपट भरपाई करावी. मग नाथान सांगतो की तो माणूस तूच. ऐकणारा आपल्याविरुद्धचा निकाल स्वतःच्या तोंडाने आधीच देऊन बसला आहे, आणि गोष्ट कुणाची ते त्याला नंतर कळते. नाथानाने हे आधी सांगितले असते तर दावीदाने वकिली केली असती. प्रभू येशूचे दाखलेही असेच चालतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ रागाने घराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे आणि दाखला तिथेच थांबतो. तो आत गेला की नाही हे शुभवर्तमानकार लूक लिहीत नाही. ऐकणारे परूशी म्हणजेच तो थोरला भाऊ होते, त्यामुळे उत्तर त्यांनीच द्यायचे होते.

चौपटीचा आकडा शुभवर्तमानात पुन्हा येतो, यरीहोच्या जक्कयाच्या तोंडी. हा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडणारा. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा जक्कय उभा राहून कबूल करतो की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करीन. दावीदाने दुसऱ्याला दिलेली शिक्षा जक्कय स्वतःला देतो. कथा लिहिणाऱ्याला इथे सर्वांत जास्त जागा मिळते, कारण दुसऱ्या दिवशी काय झाले हे लूक सांगत नाही. कुणाकुणाकडे गेला? पैसे पुरले का? घरचे काय म्हणाले?

आता हा जक्कय आपल्याकडे आणून पाहू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. माणसे पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी बसून पाने जुळवतात आणि 70 पानांचा एक पुडा बांधतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे जिथे पुडे वाळत मांडतात त्या जागेवर, ठेकेदाराचा दिवाणजी ते मोजून घेतो. वाळलेल्या पुड्यांचे पुढे बोद, म्हणजे पोती, भरतात. समजा आपला दिवाणजी ख्रिस्ती आहे, दर रविवारी देवळात जातो. शंभरामागे चार पुडे तो खराब म्हणून बाजूला टाकतो, त्यांचे पैसे लिहीत नाही, पण बोदात ते भरतोच. एका बाईच्या घरची चार माणसे मिळून रोज 200 पुडे आणत असतील तर रोज तिचे आठ जातात, पंधरा दिवसांत 120. चौपटीने हिशेब केला तर 480 पुड्यांचे पैसे झाले, आणि ते फक्त एका घरचे. एका फळीवर अशी किती घरे असतात ते मोजून पाहा. हिशेब कथेत यायलाच हवा. पश्चात्ताप हा शब्द वाचकाला ऐकून माहीत असतो, पण रक्कम पुढे आली की तो थबकतो.

दिवाणजीचे मन कशाने पालटते? येशूला पात्र म्हणून आणायचा मोह होईल, तो आवरावा. कुणीतरी त्याच्या घरी येऊन जेवले, एवढे पुरे आहे. ज्याच्याकडे गावात कुणी पाणीही पीत नाही त्याच्याकडे कुणी भाकरी मागितली, ही लूकच्या गोष्टीतली कळ आहे. पाहुणा उपदेशाचा एक शब्दही बोलत नाही असे करून बघा.

मग वाटप. माझ्या मते कथेचा निम्मा भाग इथे द्यावा. बायको विचारते, पोरीच्या नर्सिंगच्या फीचे काय? एकजण पैसे घेतो आणि निवडणूक आली काय म्हणून विचारतो. एकाचा मुलगा चिडतो, कारण परत दिल्याने चोरी झाली होती हे उघड झाले आणि इतकी वर्षे आपला बाप मूर्ख ठरला होता. ठेकेदाराला कळते की ही कबुली आपल्यापर्यंत येणार. आणि ती बाई नोटा मोजून घेते, एक शब्द बोलत नाही, क्षमाही करत नाही. ती माडिया आदिवासी असेल, तिचे देव वेगळे असतील. शेवटच्या पानावर तिला प्रार्थनेला बसवू नका. तिचे जे नेले ते तिला परत मिळते आहे, त्याबद्दल ती काहीही देणे लागत नाही. या कथेतला विश्वास दिवाणजीच्या रिकाम्या होत चाललेल्या खिशात आहे. जंगलातल्या माणसाला केवळ उद्धार करून घेण्यासाठी कथेत उभे करणे हा त्या माणसावर अन्याय आहे आणि सुवार्तेवरही, असे मी ठामपणे मानतो.

बोलीचे म्हणाल तर इथे ऐकायला पुष्कळ आहे. ब्रह्मपुरी-आरमोरीकडची झाडीबोली, दक्षिणेला सिरोंच्याची तेलुगू, भामरागडची माडिया, चामोर्शी-मुलचेऱ्याकडची बंगाली. चर्चची भाषा यांहून निराळी. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. बल्लारपूरला केंद्र असलेला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा, त्यामुळे अनेक फादर-सिस्टर केरळचे. त्यांनी शिकून घेतलेली मराठी आणि फळीवरच्या बाईची ‘डोरा’, ‘पानी’ म्हणणारी बोली एकाच कथेत आमनेसामने आल्या की कोण कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा गद्याचा धडा म्हणून अभ्यास करावा. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण ख्रिस्ती झालेल्या नवऱ्यावरचा राग, सोवळे-ओवळे, हळूहळू पालटलेले मन, सगळे स्वयंपाकघराच्या भाषेत येते. 1933 मध्ये नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

पहिला खर्डा झाला की पात्रांच्या तोंडची वचने एकेक करून काढून पाहावीत. एखादे काढल्यावर प्रसंग कोसळला तर ते परत ठेवावे. बहुतेक वेळा कोसळत नाही. वडसा-देसाईगंजहून गावोगाव जाणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना रात्रभर बसणारा प्रेक्षक रडायला तयार असतो, पण पात्र प्रेक्षकाकडे वळून शिकवू लागले की चुळबुळ सुरू होते. त्याच माणसांना कथा मोठ्याने वाचून दाखवावी, नुसत्या चर्चमधल्यांना नको. पुडे बांधणारी एखादी बाई ऐकायला असली तर फार बरे. दिवाणजीची चोरी तुम्ही लिहिली तशी होत नाही, ती दुसऱ्याच ठिकाणी होते, हे ती लगेच सांगेल, आणि मग आकडे बदलून वाटपाचा भाग पुन्हा लिहायला घ्यावा लागेल.