बाद गडी परत येतो तेव्हा

1895 साली एकमेकींशी काहीच संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेला हा चित्पावन कवी त्या दिवसापासून आपल्या माणसांना पारखा झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या होलियोक गावी, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या व्यायामशाळेत, विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल हा खेळ तयार केला. त्याआधी 1891 मध्ये त्याच संस्थेच्या स्प्रिंगफील्डमधल्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल रचला होता, आणि नेस्मिथ तर धर्मशास्त्राचा अभ्यास करून खेळाकडे वळलेला माणूस. ख्रिस्ताच्या मागे निघालेल्या माणसाची आत्मिक वाढ कशी होते, हा प्रश्न दोन्हीकडे होता. टिळकांनी तो अभंगाने आणि कीर्तनाने सोडवायचा ठरवला. अमेरिकेतल्या मंडळींनी चेंडू आणि जाळीने. पुढच्या सव्वाशे वर्षांत ख्रिस्ती उपदेशात खेळाचे दृष्टान्त पुष्कळ आले. त्यांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट खटकते. ख्रिस्ती भक्तीला देशी रूप देण्याचे जे काम टिळकांनी कवितेत केले, ते खेळाच्या दृष्टान्तात कोणी नेटाने केल्याचे दिसत नाही. दृष्टान्त एकतर करिंथहून आला, नाहीतर इंग्लंडहून. कोकणातल्या लाल मातीत जो खेळ रोज संध्याकाळी रंगत होता, त्याच्या एका नियमात या विषयाचे सर्वांत नेमके रूप होते. ते मात्र मैदानावरच राहिले.

सुरुवात पौलापासून करावी लागते, कारण खेळावरचे बहुतेक ख्रिस्ती उपदेश त्याच्यापाशीच येऊन थांबतात. करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो शर्यतीत धावणाऱ्यांबद्दल आणि मुष्टियोद्ध्याबद्दल बोलतो. करिंथपासून जवळच इस्थमस इथे दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत, तेव्हा त्याच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती. विजेत्याला मिळणारा पाल्यापाचोळ्याचा मुकुट सुकतो आणि विश्वासणाऱ्याला मिळणारा सुकत नाही, हा त्याचा मुद्दा. फिलिप्पैकरांना लिहितानाही तो पुढच्या खुणेकडे धावणारा धावपटू उभा करतो. दृष्टान्त प्रभावी आहे यात शंका नाही. पण ग्रीकांच्या त्या सामन्यांत पळणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांची शर्यत असे एकेकट्याचे प्रकार होते. आज आपण ज्याला सांघिक खेळ म्हणतो त्याला तिथे जवळजवळ जागाच नव्हती. पौलाला सामुदायिक जीवनाबद्दल बोलायचे होते तेव्हा त्याने मैदान सोडले आणि शरीराचा दृष्टान्त घेतला. तीनच अध्याय पुढे, बाराव्यात, डोळा हाताला तुझी गरज नाही असे म्हणू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे शिस्त सांगताना खेळ आणि सहजीवन सांगताना शरीर, अशी त्याने वाटणी केली. ती त्याच्या काळाने त्याला करायला लावली, असे माझे मत आहे. उपदेशकांनी मात्र नववा अध्याय मैदानावर नेला आणि बारावा मंदिरात ठेवला.

सांघिक खेळ या उपदेशात शिरला तो एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. थॉमस ह्यूजची शाळकरी मुलांवरची कादंबरी 1857 मध्ये आली, आणि तिच्यासोबत बलदंड शरीराच्या, सरळ मनाच्या, मैदानावर घडलेल्या ख्रिस्ती तरुणाची प्रतिमा. क्रिकेट आणि फुटबॉल चारित्र्य घडवतात ही श्रद्धा मिशनऱ्यांच्या सामानात हिंदुस्थानात उतरली. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को यांनी 1891 च्या सुमारास फुटबॉल आणला, तेव्हा कातड्याच्या चेंडूला पाय लावायला ब्राह्मण मुले तयार नव्हती, आणि त्यांना सक्तीने खेळवले गेले. सक्तीने शिकवलेल्या सहकार्याला सहकार्य म्हणावे का, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणाला पडला नाही. 1920 मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. भारतात क्रीडाशिक्षक तयार करण्याची पद्धतशीर व्यवस्था तिथून उभी राहिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण या सगळ्या परंपरेत खेळाचा आत्मिक अर्थ जवळजवळ एकच होता: कर्णधाराचे ऐक, स्वतःसाठी खेळू नकोस, हरलास तरी तोंड पाडू नकोस. हे गुण चांगलेच आहेत. फक्त ते साम्राज्याच्या चाकरीलाही तितकेच उपयोगी होते, आणि पाप, पश्चात्ताप, क्षमा या ख्रिस्ती जीवनाच्या गाभ्याशी त्यांचे फार थोडे देणेघेणे होते.

महाराष्ट्रात या इंग्रजी दृष्टान्ताची परीक्षा ब्रेबर्न स्टेडियमवर झाली. मुंबईच्या धर्मवार क्रिकेट सामन्यांत 1937 पासून पाचवा संघ आला. त्याचे नावच होते ‘रेस्ट’, उरलेल्यांचा संघ, आणि त्यात भारतीय ख्रिस्ती खेळाडू होते. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. विजय मर्चंट 250 वर नाबाद. उरलेल्यांचा पहिला डाव 133 मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीत मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या विजय हजारे यांनी संघाच्या 387 पैकी 309 धावा एकट्याने केल्या. भाऊ विवेक यांच्याबरोबरची त्यांची भागीदारी 300 धावांची, आणि तीत विवेक यांचा वाटा 21. एका बाजूला पाय रोवून उभा राहिलेला तो भाऊ नसता तर 309 झाल्याच नसत्या. संघभावनेवर बोलणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तरीही सामना डावाने आणि 61 धावांनी गेलाच. शिवाय ज्या स्पर्धेत ही खेळी झाली, तिची रचनाच माणसांना धर्माच्या खणांत बसवणारी होती. गांधीजींनी 1940 मध्ये तिला विरोध केला, 1946 मध्ये ती बंद पडली, आणि ते योग्यच झाले. मैदानावरची संघभावना कुंपणाच्या आत उदार आणि बाहेर संकुचित असू शकते, हे त्या स्पर्धेने दाखवून दिले. सांघिक खेळाचा दृष्टान्त वापरणाऱ्या पाळकाने हा इतिहास विसरू नये.

याच काळात देशी खेळ नियमांत बसत होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम ठरवण्याचे काम हाती घेतले. हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला हा खेळ दाखवला, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. नियम पक्के होण्याआधी हुतूतू तीन तऱ्हांनी खेळला जाई. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि हा तिथेच उभा. ‘गामिनी’त बाद झालेला गडी बाहेर गेला की गेला, सगळा संघ संपेपर्यंत त्याला परत यायची सोय नव्हती. ‘संजीवनी’त मात्र बाद झालेला बाहेर बसे आणि त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी टिपला की पुन्हा मैदानात येई. महासंघाने स्वीकारला तो याच धर्तीचा खेळ, आणि आज रत्नागिरी, चिपळूण, दापोलीकडे जत्रेच्या मैदानापासून जिल्हा अजिंक्यपदापर्यंत खेळला जातो तोही हाच. त्याचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. बाहेर बसलेला गडी स्वतःच्या कर्तबगारीने परत येऊ शकत नाही. तो कितीही मोठा चढाईपटू असो, त्याला रेषेबाहेर बसून वाट पाहावी लागते. परत येण्याचा क्रम बाद होण्याच्या क्रमाचाच, जो आधी गेला तो आधी आत. तिथे लायकी पाहिली जात नाही. चढाई करणारा बोनस रेषा ओलांडून गुण मिळवतो तेव्हा फलकावर आकडा वाढतो, पण त्या गुणाने कोणी जिवंत होत नाही. आणि संपूर्ण संघ बाद होऊन लोण चढले तर प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात, पण हरलेला संघ सगळाच्या सगळा मैदानात परततो.

ख्रिस्ती आत्मिक वाढीबद्दल बोलायचे तर प्रश्न नेमका इथे आहे. पडणार प्रत्येकजण, पडलेला परत कसा येतो? धावपटूच्या दृष्टान्ताला याचे उत्तर नाही. शर्यतीत पडलेला मागे पडतो, एवढेच. इंग्रजी मैदानाचे उत्तर होते, दात-ओठ खाऊन उठ. संजीवनीचा नियम सांगतो की परत येणे हे मिळणे आहे, आणि ते दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्यातून मिळते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला घराचे छप्पर उकलून खाली सोडतात, आणि येशू क्षमेचा शब्द उच्चारतो तो त्या चौघांचा विश्वास पाहून. त्याआधी त्या आजाऱ्याने स्वतः काय केले, हे तिथे लिहिलेलेच नाही. पेत्राने तीन वेळा नाकारले, बाकीचे पळाले, म्हणजे संघावर लोणच चढले होते. आणि परत आले ते एकमेकांच्या सोबतीत.  जुन्या तीन प्रकारांतून संजीवनी निवडली गेली ती खेळ रंगतदार होतो म्हणून, धर्मशास्त्रासाठी नव्हे, हे उघड आहे. पण उरलेले दोन प्रकारही या संदर्भात बोलके आहेत. कोणालाच बाहेर न काढणारा ‘अमर’ म्हणजे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफरने 1937 च्या आपल्या पुस्तकात ज्या स्वस्त कृपेवर टीका केली तिचेच रूप, आणि ‘गामिनी’ म्हणजे दार लावून घेणारा कायदा. बऱ्याच मंडळ्या या दोन टोकांत हेलकावे खातात. एका पाळकाच्या कारकिर्दीत कोणीच बाद होत नाही. पुढचा पाळक येतो आणि बाद झालेल्याला हयातभर आत घेत नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. तारण ख्रिस्ताकडून येते. सोबत्याच्या चढाईने जिवंत होणाऱ्या गड्याचा दृष्टान्त दिला तर ख्रिस्ताच्या जागी मंडळीच बसते. आक्षेपात तथ्य आहे, आणि तारणाविषयी बोलताना हा दृष्टान्त मी वापरणार नाही. पण वाढ ही तारणानंतरची गोष्ट आहे, आणि तिथे नवा करार सतत एकमेकांकडे बोट दाखवतो: एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापे कबूल करा, पडलेल्याला सौम्यतेने उभे करा. दुसरा आक्षेप प्रतिस्पर्ध्याचा. आपला गडी जिवंत व्हायला समोरचा बाद व्हावा लागतो; प्रेमाचा धर्म सांगताना हे कसे चालावे? पौलाने इफिसकरांना लिहिले आहे की आपले झगडणे रक्तमांसाशी नाही. मध्यरेषेपलीकडे माणसे उभी आहेत असे मानले की दृष्टान्त नासला, आणि ब्रेबर्नवरच्या उरलेल्यांची गोष्ट पुन्हा सुरू झाली. पलीकडे लोभ, मत्सर, भय आहेत असे मानले तरच तो टिकतो. ही अट मुलांना समजावून सांगायला कष्ट पडतात, हे खरे. तिसरा आक्षेप असा की खेळ शेवटी सुदृढांचा, आणि आजारी, म्हाताऱ्या, अपंग विश्वासणाऱ्यांना त्यात जागा नाही. इंग्रजी परंपरेवर हा आरोप बसतो. कबड्डीवर कमी बसतो, कारण तिथे संघाचे मोजमाप बाहेर बसलेल्यांवरूनही होते, आणि हल्ली तर तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड साधली तर त्याला एक गुण जादा मिळतो. दुर्बल दिसणारे अवयव अधिक आवश्यक आहेत, या पौलाच्या बाराव्या अध्यायातल्या म्हणण्याच्या हा नियम बराच जवळ जातो. आक्षेप पूर्ण मिटत नाही, तरी त्याची धार उतरते.

चौथा आक्षेप टिळकांच्याच जीवनातून निघतो. हा माणूस संघात मावणारा नव्हता. धर्मांतराची वाट तो एकटा चालला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी. भक्ती ही जिवाची आणि शिवाची भेट आहे, तिथे सात गड्यांचे काय काम, असे त्यांचे अभंग वाचून कोणी विचारील. याचे उत्तर त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत आहे. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे शिष्य एका बंधुभावात यावेत, हा त्यामागचा हेतू होता. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या, महाराष्ट्रभर नाव झालेल्या कवीला आणखी एका संस्थेची हौस नव्हती. सोबत्यांशिवाय ख्रिस्तानुयायी वाढत नाही, असे त्यांचे मत झाले असले पाहिजे. एरवी असला खटाटोप कोण करतो! 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. कबड्डीतला चढाई करणारा गडीही पलीकडे एकटाच जातो, एकाच दमावर. पण तो दम तुटायच्या आत त्याला आपल्या अंगणात परतावे लागते, नाहीतर टिपलेले सगळे फुकट. एकान्त आणि सहभागिता यांचा हा मेळ टिळकांना परका वाटला नसता, असे मी धरून चालतो.

स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर कामाला लागले ते 1823 मध्ये. पुढे रत्नागिरी शहरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे झाले, दक्षिणेला वेंगुर्ले-सावंतवाडीकडे कॅथलिक वस्ती आधीपासून होतीच. दोनशे वर्षे कोकणात उपदेश चालू आहे आणि हुतूतू त्याहूनही आधीपासून. येत्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात जिथे जिथे शब्बाथ शाळेची शिबिरे आणि तरुण संघाचे मेळावे भरतील, तिथल्या पाळकांना आणि शिक्षकांना एवढेच सुचवायचे आहे: पौलाचा धावपटू जरूर सांगा, पण नवव्या अध्यायावर पुस्तक मिटू नका. बारावा अध्याय मंदिरात न वाचता मैदानाच्या कडेला वाचा, आणि तो वाचताना बाद होऊन बाहेर बसलेल्या मुलांना आधी जवळ बोलवा.