जुना डीएसएलआर घेताना: आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी

आजचा विषय थेट खिशाशी संबंधित आहे. इथे दहिसर-बोरिवलीत बऱ्याच हौशी मंडळींकडे कॅनन १३००डी किंवा त्याच्यासारखा सुरुवातीचा कॅमेरा असतो. सोबत मिळालेली १८-५५ लेन्स असते. मृगातल्या तेजोमेघाचे दोन-चार फोटो निघाले की वाटायला लागतं, आता मोठा कॅमेरा हवा. नवा परवडत नाही, मग सेकंडहँडचा शोध सुरू होतो. प्रश्न एवढाच, की पैसे घालायचे कशावर?

आधी गणित लेन्सचं. १८-५५ लेन्सचं तोंड जास्तीत जास्त एफ/३.५ इतकं उघडतं, आणि तेही १८ मिलिमीटरवरच. ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही साधी लेन्स घेतली तर ३.५ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट प्रकाश आत येतो. आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा बदलून एवढा फरक पडणार नाही का? एक-दोन पिढ्या पुढचा, त्याच आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा घेतलात तर नाही पडणार.

दुसरं गणित पृथ्वीच्या फिरण्याचं. आकाश तासाला १५ अंश सरकतं. साध्या स्टँडवर चांदण्या ठिपक्यांसारख्या राहायच्या तर ढोबळ नियम असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं. १३००डीसारख्या छोट्या सेन्सरवर त्या लेंग्थला आधी १.६ ने गुणायचं. १८ मिलिमीटरला मिळतात १७ सेकंद, ५० ला सहा, २०० ला जेमतेम दीड. म्हणजे लांबची लेन्स वापरायची तर तारे ज्या वेगाने सरकतात त्याच वेगाने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आधी लागतो. तो नसताना महाग बॉडी घेऊन काही साधत नाही.

मग बॉडी कधी बदलायची? लेन्स आहे, ट्रॅकर आहे, आणि तरी सावलीच्या भागात दाणे दिसतात, तेव्हा. अशा वेळी दोन नावं लक्षात ठेवा. एक, निकॉन डी५३००, २०१३ चा. सेन्सर छोटाच, पण अंधाऱ्या भागात स्वच्छ, आणि पडदा वळतो. कॅमेरा डोक्यावर रोखलेला असताना मान वाचते. दुसरा कॅनन ६डी, २०१२ चा, फुल फ्रेम. सेन्सरचं क्षेत्रफळ अडीच पट. पण इथेच लोक फसतात! १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस लेन्स ६डीवर बसतच नाहीत. निकॉन घेतला तर कॅननच्या सगळ्याच लेन्स बाद. म्हणून बॉडीच्या किमतीत लेन्सची किंमत मिळवूनच हिशेब करा.

आता प्रत्यक्ष पारख. फोर्टात बोरा बाजारच्या दुकानात जा किंवा कुणाच्या घरी जाऊन घ्या, या गोष्टी तिथेच करून बघायच्या:

१. लेन्सवर झाकण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा फोटो काढा. काही रंगीत ठिपके दिसले तर चालतील, नंतर काढता येतात. पट्टे दिसले तर नमस्कार करून परत या.

२. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ आणि डाग कळतात.

३. लेन्समधून तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात हा रोग घरोघरी आहे.

४. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून बघा. ताऱ्यावर फोकस यानेच होतो.

५. शटर किती वेळा उघडलं ते विचारा. ६डीचं शटर सुमारे एक लाख वेळांसाठी बनवलेलं आहे. निकॉनच्या फोटोतच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननचा आकडा काढायला बहुधा कॅमेरा संगणकाला जोडावा लागतो.

६. बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा सीरियल नंबर जुळवा.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: 'फिल्टर काढलेला कॅमेरा घ्यावा का?' तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा असतो, आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून तर कॅननने ६०डीए आणि निकॉनने डी८१०ए असे खास कॅमेरे काढले होते. पण फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यात घरच्या लग्नाचे फोटो लालसर येतात. घरात एकच कॅमेरा असेल तर नको.

शेवटचं. दहिसरच्या गच्चीवरून पूर्वेला नॅशनल पार्कचा अंधार दिसतो, पण डोक्यावरचं आकाश शहराच्याच उजेडाने धुतलेलं असतं. इथून चंद्र, ग्रह, मृगातला तेजोमेघ जमतो. आकाशगंगेसाठी वांगणीसारख्या ठिकाणी जावं लागतं; खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. धनु राशीकडचा आकाशगंगेचा गाभा रात्री सगळ्यात छान वर येतो तो नेमका पावसाळ्यात. आपल्या हाती उरतात मार्च ते मे मधल्या उत्तररात्री आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी. वर्षातून अशा किती रात्री तुम्ही बाहेर पडता ते मोजा आणि मगच बजेट ठरवा. तोवर आहे तो कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.