तुंगार्लीहून थेट ग्रीस, व्हाया सोपारा!

लोणावळ्याच्या तुंगार्लीत वीकेंड? धरण झालं, धुकं झालं, भजी झाली, सेल्फीही झाले? चला तर मग, दोन हजार वर्षं मागे. तिकीट फ्री!

माहीत आहे का? ‘यवन’ हा शब्द आला ‘आयोनिया’वरून. हा एजियन समुद्राकाठचा ग्रीक मुलूख, सामोस आणि खिऑस ही बेटंही त्यातलीच. आणि यवनांच्या पाऊलखुणा कुठे? आपल्या शेजारच्या कार्ल्यात!

कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब चक्क यवनांनी दान केलेत. एका दात्याचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. माणूस यवन, नाव एकदम देशी!

आणखी एक खांब दिला सोपाऱ्याच्या सातिमितानं. हा भाणक, म्हणजे बुद्धवचनं मुखोद्गत असलेला. तोही साधा खांब नाही, अवशेष ठेवलेला!

सोपारा? हो हो, आपलं नालासोपारा! आज लोकलची गर्दी, तेव्हा गलबतांची. वसई-सोपाऱ्याचा हा पट्टा एके काळी खाड्यांनी वेढलेलं बेटच होता. नाव सोपं, इतिहास भारी!

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी गाइडमध्ये सोपारा आहे ‘सुप्पारा’ आणि कल्याण ‘कल्लिएना’. माहीत आहे का, त्या काळी कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात थेट भडोचला नेली जात? दोन हजार वर्षांपूर्वीचं टोइंग!

भडोचच्या धक्क्यावर काय उतरायचं? वाइन! त्यातही पहिली पसंती इटलीच्या मालाला.

सम्राट अशोकाचा ‘मेसेज’ही सोपाऱ्याला पोहोचला होता. त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे याच परिसरात सापडले.

आता सस्पेन्स! १८८२. पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, अशा डबीत डबी उघडत शेवटी सोन्याची! तिच्यात काय? बुद्धाच्या मानल्या गेलेल्या मातीच्या भिक्षापात्राचे इवलेसे तुकडे. सोन्याहून मौल्यवान ठरली माती!

कोकणातल्या बंदरांचा माल घाटावर चढायचा तो बोरघाटानं, राजमाचीच्या नजरेखालून. त्याच राजमाचीची वाट आज तुंगार्लीहून निघते.

तेव्हा पुढच्या वीकेंडला चिक्कीच्या आधी कार्ला! खांबांवरची ब्राह्मी अक्षरं डोळे भरून बघा. समुद्र घाट चढून आलाय, तो तिथेच कोरलेला आहे.