दिव्यांग मुलांची शाळेतील परीक्षा : कोणत्या सवलती मिळतात आणि पालकांनी काय करावे

"परीक्षेला त्याला आणू नका, आम्ही तसेच पास करू," असे शाळेने सांगितले, तर ते मान्य करू नका. मूल परीक्षेला बसलेच नाही, तर त्याला काय येते आणि कुठे अडते हे कोणालाच कळत नाही आणि पुढची मदतही थांबते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता इतरांसोबत शिकवायचे आहे. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल करण्यास सांगितले आहे. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

प्रत्येक मंडळाचे नियम थोडे वेगळे असतात. सीबीएसईचे उदाहरण घेऊ. तिथे पात्र विद्यार्थ्याला ३ तासांच्या पेपरला ६० मिनिटे, तर २ तासांच्या पेपरला ४० मिनिटे जास्त मिळतात. लेखनिकाचे पैसे द्यावे लागत नाहीत. दृष्टिहीन मुलांना आकृती किंवा नकाशाच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न दिला जातो. भाषेची सूट मात्र घ्यायलाच हवी असे नाही. मुलाला भाषा जमत असेल, तर ती सोडण्यापूर्वी शिक्षकांशी बोला.

प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर?

अनेक पालक इथेच माघार घेतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सांगितले, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला त्रास होत होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणून टक्केवारी कमी असली, तरी लिहिण्यातील अडचणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून घ्या आणि अर्ज करा.

अर्ज कसा करावा

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. कोणती सवलत हवी ते नेमके लिहा. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. यूडीआयडी कार्ड नसेल, तर स्वावलंबन पोर्टलवर विनाशुल्क अर्ज करता येतो. बोर्डाच्या परीक्षेसाठी शाळा नोंदणी करते, तेव्हाच मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद झाली का, हे स्वतः पाहा. नंतर दुरुस्तीसाठी फार धावपळ होते.

दहावीची वाट पाहू नका. घटक चाचणीपासूनच या सवलती मागा. उत्तर सांगून लिहून घेणे वाटते तितके सोपे नाही. विरामचिन्हे, गणिताच्या पायऱ्या, आकृतीची नावे हे सगळे बोलून सांगावे लागते आणि त्याला सराव लागतो.

शाळेने नकार दिल्यास तो लेखी मागा. त्या पत्रासह जिल्हा शिक्षणाधिकारी किंवा तुमच्या राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्याकडे तक्रार करता येते.